सीबी रेडिओच्या बेससाठी अँटेनाची निवड (सोलापूर परिसर)

सिटिझन्स बँड, थोडक्यात सीबी, हा २७ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा रेडिओपट्टा. सामान्य माणसाला परीक्षा न देता थोड्या अंतरावर बोलता यावे म्हणून तो ठेवलेला आहे. गाडीतला संच फिरता. घरात, दुकानात किंवा मळ्यातल्या खोलीत कायमचा मांडलेला संच तो बेस. अँटेनाला मराठी ग्रंथांत आकाशक म्हटले आहे, जुने रेडिओवाले एरियल म्हणत, पण पाइप खांद्यावर घेऊन गच्चीवर चढणारा अँटेनाच म्हणतो. म्हणून येथेही तोच शब्द वापरला आहे.

अमेरिकेत २७ मेगाहर्ट्‌झवरचा सीबी १९५८ मध्ये २३ चॅनेलांनी सुरू झाला आणि १९७७ पासून ४० चॅनेलांचा झाला. भारतात २००५ च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा ५ वॅटपर्यंतच्या मान्यताप्राप्त संचांसाठी परवान्यातून मोकळा केला. अट अशी की आपल्यामुळे दुसऱ्याला अडथळा होता कामा नये, आणि आपल्याला झाला तर संरक्षण मागता येत नाही. अमेरिकी संचावरची पहिली २७ चॅनेलच या हद्दीत बसतात, अठ्ठाविसावे २७.२८५ वर, म्हणजे कुंपणाच्या जेमतेम पलीकडे. ‘४० चॅनेलांचा संच’ अशी जाहिरात करणारा हे सांगत नाही. बाहेरची अँटेना जोडण्याआधी त्या संचाच्या मान्यतेतला मजकूरही नीट वाचावा.

हाच पट्टा कारखान्यांतल्या रेडिओ-लहरींच्या तापनयंत्रांनाही दिलेला आहे. सूत वाळवणारी, प्लॅस्टिकचे जोड चिकटवणारी यंत्रे २७.१२ मेगाहर्ट्‌झवर, बरोबर पट्ट्याच्या मध्यावर चालतात. चादरी-टॉवेलांच्या गावात ही ओळ नुसती वाचून पुढे जाण्यासारखी नाही.

शक्ती ५ वॅटला बांधलेली असल्यामुळे सुधारणेला जागा उरते ती अँटेना, तिची उंची आणि तिच्याकडे जाणारी केबल यांतच. येथे तरंगलांबी सुमारे ११ मीटर असते, त्यामुळे अँटेना लांबच लांब होतात. सर्वांत सोपी पाव तरंगाची ग्राउंड प्लेन: २.६ मीटरचा उभा दांडा आणि त्याच्या तळाशी तितक्याच लांबीच्या तीन-चार आडव्या काड्या. या काड्या ४५ अंशांनी खाली झुकवल्या की अँटेनाचा संरोध (इंपीडन्स, म्हणजे रेडिओच्या विजेला होणारा विरोध) ३६ ओहमवरून ५० ओहमच्या जवळ येतो आणि संचाशी जुळणी आपोआप साधते. अर्ध्या तरंगाची उभी अँटेना सव्वापाच-साडेपाच मीटरची असते. तिला खालच्या काड्या लागत नाहीत, पण तळाशी संरोध फार मोठा असल्याने जुळणीची गुंडाळी हवीच. पाच-अष्टमांश तरंगाची अँटेना सुमारे ६.९ मीटरची. आदर्श जमिनीवर ती अर्ध्या तरंगापेक्षा साधारण सव्वा डेसिबल (संदेशाचा जोर तोलण्याचे माप) जास्त देते. या सव्वा डेसिबलवरून हौशी मंडळींत जेवढी भांडणे होतात तेवढी खरे तर व्हायला नकोत: पलीकडच्या संचावरच्या, संदेशाचा जोर दाखवणाऱ्या मीटरवरचा एक अंश म्हणजे ६ डेसिबल, तेव्हा हा फरक काट्याच्या जाडीत मावतो. डब्यावर ‘९ डीबी गेन’ (नऊ डेसिबल वाढीव जोर) छापलेली एकटी उभी काठी दिसली तर आकडा विसरावा आणि काठीची लांबी मोजावी.

तीन दांड्यांची यागी अँटेना एकाच दिशेला जोर लावते आणि पाठीमागचा गोंगाट कमी ऐकते. पण तिला फिरवण्याची सोय लागते, आणि ज्याला एकदा पुणे रस्त्याकडे, एकदा हैदराबाद रस्त्याकडे, एकदा विजापूरकडे बोलायचे आहे त्याला ती कटकटच वाटते. मळा आणि घर या दोनच ठिकाणी बोलायचे असेल तर मात्र तिच्यासारखी दुसरी नाही. गाड्यांवरच्या अँटेना उभ्या असतात, म्हणून गाड्यांशी बोलणाऱ्या बेसची अँटेनाही उभीच हवी. एक उभी व एक आडवी झाली तर संदेश २० डेसिबलपर्यंत पडू शकतो.

आता उंची. सोलापूर पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे, पण भोवतालचा मुलूख बराचसा सपाट. डोंगराआड जाण्याची अडचण नाही आणि डोंगरावर जाऊन बसण्याची सोयही नाही. उंची पाइपानेच मिळवावी लागते. रेडिओचे क्षितिज काढायला उंचीच्या मीटरांचे वर्गमूळ घेऊन ४.१२ ने गुणतात. अँटेना ९ मीटरवर असेल तर १२.४ किलोमीटर, समोरच्या ट्रकवरची ४ मीटरवर असेल तर तिचे ८.२; एकूण साडेवीस, म्हणजे हैदराबाद रस्त्याला ढोबळमानाने बोरामणीपर्यंत. तीच बेसची अँटेना १६ मीटरवर नेली तर एकूण पावणेपंचवीस. चारच किलोमीटर वाढले असे वाटते, पण आधी कुजबुजल्यासारखा येणारा आवाजही उंचीबरोबर भरतो. दुमजली घराच्या गच्चीवरची पाव तरंगाची साधी काठी अंगणातल्या महागड्या पाच-अष्टमांशाला सहज मागे टाकते. पैसे मोजकेच असतील तर आधी पाइप घ्यावा, मग केबल, आणि उरलेल्या पैशांत जी अँटेना येईल ती.

केबलचा हिशेब कोणी मांडत नाही. बारीक आरजी-५८ केबल ३० मीटर टाकली तर ५ वॅटपैकी तीनेक वॅटच वर पोहोचतात. जाड आरजी-२१३ मधून चारच्या आसपास. शिवाय वाईट केबल जुळणी मोजणाऱ्या मीटरलाही फसवते: परतणारी शक्ती वाटेतच विरते आणि खाली काटा छान दिसतो. केबल टीव्हीवाल्याकडची आरजी-६ ही ७५ ओहमची आहे म्हणून तिला नाके मुरडतात. प्रत्यक्षात मध्यभागी केबल जोडलेल्या अर्ध्या तरंगाच्या डायपोलचा (दोन सारख्या दांड्यांच्या अँटेनाचा) संरोध ७३ ओहमच्या आसपास असतो, त्यामुळे ती केबल तिथे चांगली चालते. संचापाशी एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडली याचे माप; एक म्हणजे पूर्ण जुळणी) दीडच्या आसपास येतो, आणि दीड म्हणजे ४ टक्केच शक्ती परतते. दोनला ११ टक्के. तीनच्या पुढे गेल्यावर खरी काळजी करावी.

जुळणी अशी करतात. एसडब्ल्यूआर मीटर संच आणि केबल यांच्यामध्ये जोडायचा आणि १, १४ व २७ या तीन चॅनेलांवरचे आकडे कागदावर लिहायचे. एकवर जास्त आणि सत्तावीसवर कमी आला तर दांडा आखूड पडला आहे. उलटे आले तर लांब झाला आहे. पाव तरंगाच्या दांड्यात एक सेंटिमीटरने साधारण १०० किलोहर्ट्‌झचा फरक पडतो, म्हणजे नऊ-दहा चॅनेल. म्हणून क्लिप सैल करण्याआधी नळीवर मार्करने रेघ मारावी, नळी अर्धा सेंटिमीटर सरकवावी, क्लिप आवळावी, खाली येऊन पुन्हा मोजावे. मे महिन्यात हे काम सकाळी आठच्या आत उरकावे. अकरानंतर ॲल्युमिनियमची नळी हातात धरवत नाही.

शहराच्या पूर्व भागात, जिथे घराला लागूनच यंत्रमाग चालतात, तिथे अँटेना किती दूर पोहोचते यापेक्षा किती ऐकू देते हा प्रश्न मोठा. मोटारी आणि त्यांचे स्टार्टर, एलईडी दिव्यांचे स्वस्त चोक, इन्व्हर्टर, गच्चीवरच्या सौर पॅनलांची यंत्रणा, सगळे मिळून एक घरघर तयार करतात. संच १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून आधी घराचा मेन स्विच पाडून पाहावा. संचाच्या मीटरचा काटा खाली आला तर चोर घरातच आहे. नाही आला तर गल्लीची वीज जाईपर्यंत थांबावे. दुरुस्तीसाठी वीज बंद असते त्या सकाळी सहावर अडकलेला काटा एकवर येतो आणि एरवी न ऐकू येणारा, दूरच्या रस्त्यावरचा आवाज स्पष्ट येतो, तेव्हा अँटेना बदलण्याचा बेत आपोआप रद्द होतो. उपाय म्हणून अँटेना घराच्या वायरिंगपासून जितकी दूर नेता येईल तितकी न्यावी, आणि अँटेनाच्या पायथ्याशी केबलचे १५ सेंटिमीटर व्यासाचे पाच-सहा वेढे घालावेत. केबलच्या जाळीवरून खाली उतरणारा गोंगाट त्याने बराच अडतो.

उंच काठी वाऱ्यात तोलणे म्हणजे काय, हे संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पाहिलेल्या सोलापूरकराला सांगावे लागत नाही. पण तिथे काठीखाली माणसे असतात. गच्चीवर फक्त चार ताण (पाइपाला चारी बाजूंनी धरणाऱ्या तारा किंवा दोऱ्या) असतात. ताणाला नायलॉनची दोरी वापरू नये, दोन उन्हाळ्यांत ती कुजते. गॅल्व्हनाइज तार घेतली तर तिचे चिनी मातीच्या गोट्यांनी तुकडे पाडावेत, नाहीतर तारच अँटेनाचे काम करू लागते. पाइप जमिनीत रोवायचा असेल तर खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, आणि वरवर रोवलेला पाइप वर्षात कलतो. अर्थिंगचेही तसेच: ओली काळी माती वीज उत्तम वाहून नेते, एप्रिलमध्ये तीच कोरडी ठणठणीत होते. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी ओतत राहावे लागते.

विजेची तार पडत्या पाइपाच्या टप्प्यात असेल तर ती जागा सोडून द्यावी. अँटेनासह पाइपाची पूर्ण लांबी आणि वर दोन-तीन मीटर, एवढे अंतर चारही बाजूंना मोकळे हवे. गल्लीतली अकरा हजार व्होल्टची तार दुसरी संधी देत नाही. होटगी रस्त्याकडे राहणाऱ्यांनी विमानतळाच्या उंचीच्या मर्यादाही पाहाव्यात. उड्डाणाच्या वाटेत येते म्हणून २०२३ मध्ये तिथल्या साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली. गच्चीवरची काठी तिच्यापुढे किरकोळ, पण नियम दोघींना एकच.

वळवाच्या दिवसांत आकाश काळवंडले की केबल संचापासून काढून खिडकीबाहेर टाकावी. अर्थिंग कितीही चांगले असले तरी अंगावर पडलेल्या विजेपुढे संच टिकत नाही. परतीचा पाऊस संपला की वरचा पीएल-२५९ कनेक्टर एकदा उघडून पाहावा. आतली तांब्याची जाळी हिरवट-काळी दिसली तर पाणी शिरले आहे. तेवढा हातभर तुकडा कापून टाकावा, नवा कनेक्टर सोल्डरचा डाग देऊन बसवावा, वर रबर टेप ताणून गुंडाळावी आणि खिडकीतून आत येण्याआधी केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथेच ठिबकते.