ऑब्जेक्ट-झेड आणि व्हीडीएम प्लस प्लस: रांग रिकामी असेल तेव्हा काय?

ऑब्जेक्ट-झेड आणि व्हीडीएम प्लस प्लस या दोन्ही स्पेसिफिकेशनच्या भाषा, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करावं हे गणिती अचूकतेने लिहिण्याच्या. दोन्हींत क्लास, इनहेरिटन्स, इनव्हेरियंट (कायम खरी राहायला हवी अशी अट) आहेत आणि गणिती खुणाही जवळपास सारख्या. त्यामुळे एक येत असली की दुसरी आलीच, असं वाटतं. माझ्या मते हा समज धोक्याचा आहे.

घराणी वेगळी आहेत. ऑक्सफर्डला वाढलेल्या झेड या मूळ भाषेला क्लासची जोड ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँड विद्यापीठात मिळाली; रॉजर ड्यूक, गॉर्डन रोझ, ग्रॅम स्मिथ ही त्यातली नावं. व्हीडीएम १९७०च्या दशकात आयबीएमच्या व्हिएन्ना प्रयोगशाळेत जन्मली आणि व्हीडीएम प्लस प्लस हा तिचा ऑब्जेक्ट-ओरिएंटेड अवतार.

प्रिंटरच्या कामांची रांग घ्या. ‘काढा’ हे ऑपरेशन पुढचं काम उचलतं, अट एवढीच की रांग रिकामी नको. ऑब्जेक्ट-झेडमध्ये रांग रिकामी असेल तर ‘काढा’ घडूच शकत नाही. काम येईपर्यंत दार बंद. व्हीडीएम प्लस प्लसमध्ये हीच अट ‘प्री’खाली (प्रीकंडिशन, म्हणजे ऑपरेशनआधी खरी हवी ती अट) लिहिली, तर ती पाळणं ही बोलावणाऱ्याची जबाबदारी ठरते. त्याने रिकाम्या रांगेवर ‘काढा’ बोलावलं, तर पुढे काय व्हावं याबद्दल स्पेसिफिकेशन गप्प आहे. प्रोग्राम कोसळला, कचरा परत दिला, तरी तो स्पेसिफिकेशनप्रमाणे बरोबरच! गंमत अशी की खुद्द झेडमध्येही प्रीकंडिशन सहसा याच अर्थाने वाचतात. दार बंद करण्याची रीत ऑब्जेक्ट-झेडची.

व्हीडीएम प्लस प्लसमध्ये थांबायला लावता येत नाही असं नाही. त्यासाठी ‘सिंक’ हा वेगळा विभाग आहे, आणि त्यात ‘पर’ने सुरू होणारी परवानगीची अट लिहितात. म्हणजे ऑब्जेक्ट-झेडमधली रांगेची अट इकडे आणताना ती ‘प्री’त नव्हे, ‘पर’मध्ये जायला हवी. नजरेतून नेमकं हेच निसटतं, कारण ‘प्री’ हा शब्द ओळखीचा वाटतो.

दुसरा सापळा एका चिन्हाचा. ऑब्जेक्ट-झेडमध्ये नुसतं ‘रांग’ म्हणजे आधीची रांग, आणि नंतरचीला शेवटी वर छोटी रेघ: रांग′. व्हीडीएम प्लस प्लसच्या ‘पोस्ट’मध्ये (ऑपरेशननंतर काय खरं असावं ते इथे लिहितात) नेमकं उलट: नुसतं ‘रांग’ म्हणजे नंतरची आणि ‘रांग~’ म्हणजे आधीची. घाईत वाचलं की काळच उलटा होतो.

मग निवड कशी करायची? अनेक ऑब्जेक्ट एकमेकांसाठी कसे थांबतात, याचा कागदावर विचार करायचा असेल तर मला ऑब्जेक्ट-झेड जवळची वाटते. स्पेसिफिकेशन चालवून, टेस्ट लावून बघायचं असेल तर व्हीडीएम प्लस प्लस घ्यावी. तिची ऑपरेशन्स कोडसारखी लिहून टूलमध्ये चालवता येतात. जपानमध्ये मोबाइलमधल्या फेलिका या स्पर्शाविना पैसे देण्याच्या चिपच्या फर्मवेअरचं स्पेसिफिकेशन याच भाषेत लिहून, चालवून तपासलं होतं.