चित्रवाला तवा एवढा खरखरते काऊन?

पिक्चर डिस्क म्हणजे ज्याच्या अख्ख्या अंगावर रंगीत चित्र असते तो गाण्याचा तवा, म्हणजे रेकॉर्ड. घेणारा पहिल्यांदा लावून ऐकते अन् लगेच विचारते, एवढे पैसे मोजले तरी मागून सूं-सूं काऊन येऊन राहिली? मग सुई बदलून पाहते, प्लेअरले दोष देते, पण लोचा तिथं नाहीच.

तव्यावरच्या ज्या बारीक खाचेतून सुई फिरते तिथूनच आवाज येतो, म्हणून ती खाच कशात उमटवली आहे ते आधी पाहावं लागते. जुने 78 आरपीएमचे, म्हणजे मिनिटाले 78 फेरे घेणारे तवे लाखेचे असायचे, गोंदिया-गडचिरोलीकडं पळसावर किडे जी लाख करतात तशाच लाखेचे, भारतातून ती शेलॅक म्हणून परदेशात जायची. पण नुसती लाख नाही, त्यात दगडाची बारीक भुकटी भरपूर, स्टीलची सुई घासून खाचेत बरोबर बसावी म्हणून, त्यामुळं ते तवे नवे असतानाच खरखरायचे. लग्नात मांडवाजवळ बल्लीवर भोंगा बांधून वाजवले तर कोणाले काय फरक पडते म्हणा!

चित्राचे तवे तेव्हापासूनच आहेत, आरसीए व्हिक्टर या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीनं 1933 मधे काढले होते. 1942 मधे युद्धापायी अमेरिकेत शेलॅकच्या वापरावर बंधनं आली अन् व्हिनाइलकडं, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिककडं लक्ष गेलं. मग 1946 मधे डेट्रॉइटच्या टॉम सॅफडीनं व्होग नावाचे तवे काढले, मधात अल्युमिनियमचा पत्रा, दोन्हीकडून चित्राचा कागद, त्यावर पारदर्शक व्हिनाइल, अन् आवाज त्या काळच्या लाखेच्या तव्यापेक्षा साफ! म्हणजे चित्र टाकलं की आवाज बिघडतेच असं काही नाही. पण मोठे गायक दुसऱ्या कंपन्यांकडं बांधलेले, त्यामुळं 1947 मधेच दुकान बंद.

खरी बदनामी झाली ती नंतर. 1970 मधे कर्व्ह्ड एअर या ब्रिटिश बँडचा पिक्चर डिस्क आला, दिसायले भारी, ऐकायले रद्दी. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तर लाटच आली, संग्रह करणारे घेतच होते मग आवाजाची फिकीर कोण करते. साधा काळा तवा एकाच गोळ्यातून दाबून काढतात, खाच त्याच व्हिनाइलमधे. या पिक्चर डिस्कमधे मधात व्हिनाइलचा गाभा, त्यावर छापलेला कागद, अन् सगळ्यात वर पातळ पारदर्शक फिल्म, खाच त्या फिल्ममधेच उमटते, अन् खरखर येते ती त्या फिल्मपायीच. कागदही आधी भट्टीत चांगला वाळवावा लागते, ओल राहिली तर गरम प्रेसमधे फुगे धरते.

आताचे पिक्चर डिस्क तेवढे वाईट नाहीत, पण काळ्या तव्याची शांतता अजून नाही. ढोल-ताशाच्या गाण्यात समजणारही नाही. हेडफोन लावून गाणं सुरू व्हायच्या आधीची रिकामी खाच ऐका, नाहीतर नुसत्या तंबोऱ्यावरचा आलाप, तिथं ती खरखर लपत नाही.