साइटवरचा नकाशा नेमका कितवा?

लातूर-नांदेडकडच्या कुठल्याही मध्यम इमारतीच्या साइटवर जा. एक नकाशा सेंट्रिंगच्या फळीला ठोकलेला, दुसरा मुकादमाच्या मोबाइलमध्ये, तिसरा ठेकेदाराच्या गाडीत आणि चौथा इमारतीचा सांगाडा आखणाऱ्या आर.सी.सी. कन्सल्टंटच्या संगणकावर. समजा, चौथ्यात तळमजल्याच्या कॉलममधल्या आठ सळया १२ मिमीऐवजी १६ मिमीच्या झाल्या आहेत. बदललाय फक्त एक आकडा. पण सळईचं बळ तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर ठरतं. १२ च्या आठ सळयांत सुमारे ९०५ चौरस मिमी पोलाद असतं, १६ च्या आठांत १,६०८. जुन्या नकाशावर कॉलम भरला तर चाळीस टक्क्यांहून जास्त पोलाद कमी पडलं, आणि काँक्रीट ओतल्यावर बाहेरून कॉलम तोच दिसतो.

नकाशे बदलणारच. मालकाला जिना हलवायचा असतो, प्लंबरला बीममधून पाइप न्यायचा असतो, लिफ्टवाला खड्ड्याची मापं उशिरा देतो. ही सगळी मंडळी वेगवेगळ्या गावांत बसून एकाच इमारतीची माहिती तयार करत असतात. ती एका ठिकाणी, ठरलेल्या शिस्तीने ठेवायच्या पद्धतीला ‘कॉमन डेटा एन्व्हायर्नमेंट’ म्हणतात. आपण सामायिक कोठार म्हणू. ब्रिटनच्या ११९२ क्रमांकाच्या मानकातून ती आकाराला आली आणि २०१८ मध्ये आयएसओ १९६५० या मानकाने जगभर गेली.

ड्राइव्हवर फोल्डर उघडलं की झालं कोठार, असा समज फार आहे. फोल्डर म्हणजे नुसती जागा. खरी गोम आहे ती प्रत्येक फाइलच्या अवस्थेत. फाइल आधी ‘काम चालू’ असते, तेव्हा ती फक्त तयार करणाऱ्या गटाला दिसते. तपासून ती ‘सामायिक’ होते, म्हणजे इतरांनी आपलं काम तिच्याशी जुळवून पाहावं. मंजुरीनंतर ‘प्रकाशित’, आणि मागे पडलेली प्रत ‘संग्रहात’. जमिनीच्या फेरफाराची रीत इथे आठवावी: तलाठ्याने नोंद धरली म्हणून सातबारा बदलत नाही, नोटीस निघते, हरकतीची मुदत जाते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, मगच नाव चढतं. आणि जुना फेरफार कोणी फाडून टाकत नाही.

याहून महत्त्वाचं म्हणजे, फाइल कशासाठी वापरायची हेही तिच्यावर लिहिलेलं असतं. ब्रिटिश पद्धतीत ‘एस१’ म्हणजे इतरांच्या कामाशी जुळवण्यापुरती, ‘एस२’ म्हणजे केवळ माहितीसाठी. बांधायला मोकळीक देणारा शेरा वेगळा. माझ्या मते साइटवरचे निम्मे घोळ इथेच होतात: कन्सल्टंट ‘बघून घ्या’ म्हणून नकाशा धाडतो आणि ठेकेदार दुसऱ्या दिवशी त्यावरून चुन्याची फक्की मारून मोकळा होतो. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पीडीएफला अशी अवस्थाच नसते. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘एकदम फायनल’ ही नावं मात्र असतात.

मोठ्या कामांत प्रत्येकाचं त्रिमितीय प्रतिमान (मॉडेल) एकावर एक ठेवून संगणकच दाखवतो की हा पाइप त्या बीमला आडवा जातोय. उपयोगी आहे, पण जुळवलेली प्रतिमानं ताजी असली तरच.

मराठवाड्यात एक अडचण खास आपली. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. म्हणून पाया तिच्याखाली मुरुमावर किंवा दगडावर टेकवायचा. पण मुरूम किती खाली लागेल हे एकाच प्लॉटमध्येही बदलतं. नकाशात दीड मीटर लिहिलेलं असतं, आणि एका कोपऱ्यातला खड्डा अडीच मीटरला गेला तरी काळी संपत नाही. खोली वाढते, कॉलमचा जमिनीखालचा भाग लांबतो, कधी मध्ये आणखी एक बीम लागतो. हा निर्णय खड्ड्याच्या काठावर होतो. तिथून तो कोठारात परत गेला नाही, तर नकाशातली इमारत आणि जमिनीतली इमारत तिथेच वेगळ्या झाल्या. कोठाराबद्दल बोलणारे बहुतेक जण ऑफिसातून साइटकडे जाणाऱ्या माहितीचाच विचार करतात. उलट्या वाटेने येणारी माहिती मुकादमाच्या डोक्यात राहते, आणि तो पुढच्या साइटवर निघून जातो.

याचा हिशेब वर्षांनी होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाआधी किल्लारीचा परिसर देशाच्या भूकंप-नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या सुधारणेत तो मध्यम धोक्याच्या झोन तीनमध्ये गेला. त्याआधीची आर.सी.सी. इमारत नव्या निकषांवर तपासायची, किंवा तिच्यावर मजला चढवायचा, तर आत किती सळई आहे आणि पाया कुठे टेकलाय हे आधी कळायला हवं. नकाशा नसेल तर यंत्राने सळया शोधायच्या, कॉलमचं प्लास्टर आणि सळईवरचं काँक्रीट फोडून त्यांची जाडी मोजायची, पायाशी खड्डा घ्यायचा. म्हणून संग्रहात जाणारी शेवटची प्रत ‘जसं बांधलं तसं’ दाखवणारी हवी, आणि ती वाचता येणाऱ्या स्वरूपात हवी. एका कंपनीच्या सॉफ्टवेअरची फाइल तीस वर्षांनी उघडेलच असं नाही. आयएफसी हे प्रतिमानांच्या फाइलचं खुलं स्वरूप त्यासाठीही वापरतात. त्याची नेहमीची फाइल साधा मजकूर असते, नोटपॅडमध्येही उघडते.