जपानी सिम्फनी म्हणजे युरोपची नक्कल?

‘जपानी संगीतकारांचं ऑर्केस्ट्रा संगीत म्हणजे युरोपची हुबेहूब नक्कल,’ हा समज फार जुना आहे. तो अगदीच निराधार नाही. मेइजी काळात (1868 ते 1912) पाश्चात्त्य संगीत तिथल्या शाळांत शिकवलं जाऊ लागलं, काहीजण जर्मनीत शिकून आले आणि सुरुवातीच्या रचनांवर जर्मन छाप पडली.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. तोरू ताकेमित्सु या जपानी संगीतकाराची ‘नोव्हेंबर स्टेप्स’ (1967) ही रचना हेडफोन लावून ऐका. ऑर्केस्ट्रासमोर बिवा आणि शाकुहाची ही जपानी वाद्यं आहेत. बिवा हे तंतुवाद्य, तर शाकुहाची म्हणजे बांबूची उभी बासरी. तिच्यात फुंकरीचा खरखरीत आवाजही सुराइतकाच मोलाचा. बिवाची तार छेडली की झणझणते. याला तिथे ‘सावारी’ म्हणतात. आपण तंबोऱ्यात दोरा सरकवून जवारी लावतो ना, तोच सोस! युरोपात वाद्यातली असली झणझण दोष मानून काढून टाकतात, इथे ती मुद्दाम राखलीय. शेवटाकडे ऑर्केस्ट्रा गप्प होतो आणि ही दोघंच बराच वेळ बोलत राहतात. ही नक्कल कशी म्हणायची?

आणि जपानी सूर आपल्याला तसे परकेही नाहीत. पेटीवर सा, कोमल रे, म, प, कोमल ध वाजवून पाहा. आपल्याला गुणक्री राग आठवेल. जपानी माणसाला ‘साकुरा’ हे लोकगीत.