स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे

व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाचा, स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घेतला की डिस्कची प्रत तयार झाली, असा समज सर्रास आढळतो आणि तो धोक्याचा आहे. स्नॅपशॉट घेताना डिस्कवरचे काहीच कॉपी होत नाही. व्हीएमवेअरच्या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ व्हीएमडीके फाइल (मशीनची डिस्क जिच्यात असते ती) त्या क्षणापासून केवळ वाचण्यापुरती उरते आणि सर्वसाधारणपणे त्याच डेटास्टोअरवर (मशीनच्या फाइली ठेवलेल्या स्टोरेजवर) एक डेल्टा फाइल तयार होते. पुढे जे काही लिहिले जाते ते डेल्टात जाते, आणि वाचताना जो ब्लॉक (डिस्कचा लहान तुकडा) डेल्टात नसेल तो मूळ फाइलमधून घेतला जातो. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये हेच काम एव्हीएचडीएक्स फाइल करते. स्नॅपशॉट इतक्या झटपट होतो तो यामुळेच. पण मूळ फाइल बिघडली किंवा स्टोरेजच निकामी झाले, तर उरलेल्या डेल्टातून मशीन उभे करता येत नाही.

बॅकअप ही दुसऱ्या स्टोरेजवर ठेवलेली, मूळ डिस्कवर अवलंबून नसलेली प्रत असते. गोंधळ होतो तो बॅकअप सॉफ्टवेअरही आधी स्नॅपशॉटच घेते म्हणून. मशीन चालू असताना डिस्क वाचत गेल्यास प्रतीचा आरंभ एका वेळचा आणि शेवट दुसऱ्या वेळचा होईल. ते टाळण्यासाठी स्नॅपशॉटने मूळ डिस्क स्थिर केली जाते, तिचे ब्लॉक वाचून दुसरीकडे नेले जातात आणि मग स्नॅपशॉट काढून टाकला जातो. काढून टाकल्याने मधल्या काळातले बदल नष्ट होत नाहीत, ते मूळ डिस्कमध्ये विलीन होतात. पहिल्या पूर्ण बॅकअपनंतर केवळ बदललेले ब्लॉक न्यावे लागतात, व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर ४.० पासून, म्हणजे २००९ पासून, त्यांची नोंद हायपरव्हायजरच (व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर) ठेवतो.

स्थिर केलेली डिस्क सुसंगत असेलच असे मात्र नाही. डेटाबेसचे काही व्यवहार अजून मेमरीतच असतील, तर मिळणारी प्रत वीज अचानक गेल्यावर डिस्क जशी असते तशी असते. म्हणून विंडोजमध्ये व्हीएसएस या त्यातल्याच सेवेमार्फत ॲप्लिकेशनला आपला डेटा डिस्कवर उतरवून क्षणभर थांबायला सांगितले जाते. माझ्या मते बॅकअपच्या मांडणीत सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी पायरी हीच आहे.

सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यापूर्वी घेतलेला स्नॅपशॉट उपयुक्तच असतो, पण तो तात्पुरता असावा. डेल्टा मूळ डिस्कएवढी वाढू शकते आणि डेटास्टोअर भरले की मशीन थांबते. एकामागून एक घेतलेल्यांच्या साखळीत ३२ स्नॅपशॉट चालत असले, तरी दोन-तीनच ठेवावेत आणि कोणताही एक ७२ तासांहून अधिक वापरू नये, असे व्हीएमवेअरचे मार्गदर्शन आहे. बॅकअपचे काम मध्येच फसले तर त्याने घेतलेला स्नॅपशॉट मागे राहून गुपचूप वाढत राहू शकतो. म्हणून अशा प्रत्येक अपयशानंतर मशीनची स्नॅपशॉट यादी आणि डेटास्टोअरवरील डेल्टा फाइली दोन्ही तपासाव्यात, कारण यादी रिकामी दिसत असतानाही फाइल तिथे असू शकते.