शौचातल्या न दिसणाऱ्या रक्ताचा माग

वाशी-नेरुळच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ‘स्टूल ऑकल्ट ब्लड’ ही साधी तपासणी होते. डोळ्यांना न दिसणारं रक्त शौचात आहे का, एवढंच ती सांगते. मोठ्या आतड्याचा कॅन्सर दुर्बीण न घालता लवकर ओळखण्याची सगळी धडपड याच तपासणीपासून सुरू झाली.

ग्वायकम झाडाच्या डिंकाने रक्त ओळखता येतं, हे एकोणिसाव्या शतकातच माहीत होतं. घरी या डिंकाच्या कागदी पट्टीवर नमुना लावून डॉक्टरांकडे द्यायचा, ही पद्धत डेव्हिड ग्रीगर या अमेरिकी डॉक्टरांनी १९६७ मध्ये मांडली. अडचण अशी, की मटण खाल्लं तरी पट्टी निळी पडायची, म्हणजे रक्त असल्याचं दाखवायची, कधी मुळा-फ्लॉवरनेसुद्धा. उलट क जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असल्या, तर रक्त असूनही निळा रंग येत नसे. अशा तपासणीवर भरवसा ठेवायचा कसा? उत्तर मिनेसोटातून आलं. तिथे १९७५ पासून ४६,५५१ जणांचा अभ्यास झाला. दरवर्षी तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९३ मध्ये जाहीर झालं. या साऱ्या इतिहासात मला हाच निकाल सर्वांत मोलाचा वाटतो. इतक्या स्वस्त पट्टीने माणसं वाचली.

पुढे फक्त मानवी रक्त ओळखणारी ‘फिट’ तपासणी आली आणि खाण्याचं पथ्य संपलं. जपानने १९९२ पासून ती देशभर लागू केली. त्याच वर्षी शौचात कॅन्सरचे जनुकीय बदल सापडले. त्या वाटेने आलेल्या ‘कोलोगार्ड’ या शौचाच्या तपासणीला २०१४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. तिने ९२ टक्के कॅन्सर पकडले, फिटने ७४. पण निरोगी माणसांना विनाकारण घाबरवण्यातही तीच पुढे. २०२४ मध्ये मंजूर झालेली ‘शील्ड’ रक्तचाचणी ८३ टक्के कॅन्सर ओळखते, मात्र कॅन्सरच्या वाटेवरच्या मोठ्या गाठी जेमतेम १३ टक्के. या गाठींचा कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात. त्या आधीच काढल्या, तर कॅन्सर टळतो. म्हणून ही उणीव मला मोठी वाटते.

आपल्या राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचे कॅन्सर आहेत, आतड्याचा नाही. आपल्याकडे त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, शिवाय मूळव्याध, आमांश, जंत यांमुळेही शौचात रक्त येतं. पण खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र इतकं जवळ असताना, रक्त दिसलं की ‘मूळव्याधच असेल’ म्हणून महिनोन् महिने मलमावर काढणारी माणसं नवी मुंबईत आजही आहेत. या चाचण्या काहीच त्रास नसलेल्यांसाठी आहेत. रक्त दिसत असेल, तर पट्टीच्या निकालावर न थांबता डॉक्टरांना दाखवायचं आणि त्यांनी सांगितल्यास कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करून घ्यायची.