माळावरची छोटी गाय: चाऱ्याचा हिशेब दिवाळीलाच मांडा

(आमच्याकडून पेंड, खनिज मिश्रण व चारा नेणाऱ्या मुरबाड-शहापूरच्या पशुपालकांसाठी)

वरकसावर, म्हणजे भात न पिकणाऱ्या माळजमिनीवर, किती गाई पोसतील हे जुलैतल्या हिरवळीवरून ठरवू नका. दिवाळीनंतर दारात गंजी केवढी उभी आहे, ते पाहा. सव्वादोनशे किलोच्या कोकण कपिलेला, म्हणजे आपल्या कोकणातल्या छोट्या देशी गाईला, दिवसाला सहा किलो सुका चारा पुरतो. डिसेंबर ते जूनचा मध्य म्हणजे 200 दिवस, 1,200 किलो. तुडवला-सांडलेला धरून 1,400. चारशे किलोची संकरित गाय हीच गंजी मार्चअखेर संपवते. कपिला दोन-तीन लिटरच दूध देते, हे मात्र आधीच मान्य करून घ्या.

माळाचं गवत फुलोऱ्यावर असताना कापा. बी धरलं की कस उतरतो, कुसळं तोंडात रुततात. त्या दिवसांत माणसं भातकापणीत अडकलेली असतात, खरं आहे. निदान अर्धा माळ तरी आधी उरका. गंजीभोवतीचं गवत खरवडून काढा, वणवा विचारून येत नाही.

नुसत्या भाताच्या पेंढ्यावर गाय खंगते. त्यावर युरिया प्रक्रिया हा स्वस्त उपाय. 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया, 40 ते 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. थरावर थर द्या, प्रत्येक थरावर झारीने हे युरियाचं पाणी शिंपडा, पायाने घट्ट दाबा, प्लास्टिकने हवाबंद झाका. 21 दिवसांनी उघडा. आत तयार झालेला अमोनिया पेंढ्याचा चिवटपणा मोडतो. प्लास्टिक फाटलं तर हा अमोनियाच उडून जातो आणि बुरशी धरते. काळा, कुबट भाग फेकून द्या. रोजचा पेंढा तासभर वाऱ्यावर पसरून मगच घाला. सुरुवातीचा आठवडा साध्या पेंढ्यात मिसळून. सहा महिन्यांखालच्या वासरांना अजिबात नको. युरियाचं पाणी गाईच्या तोंडी लागलं तर जीव जातो, म्हणून बादली उघडी ठेवू नका.

गाय हाडं, प्लास्टिक चघळू लागली तर बहुधा स्फुरद (फॉस्फरस) कमी पडतंय: रोज 30 ग्रॅम खनिज मिश्रण पेंडीत कालवा. उन्हाळ्यात 30-40 लिटर पाणी हवंच. सुक्या चाऱ्यावर पाणी तोकडं पडलं की पोट गच्च होतं.

हिरव्या पाल्यासाठी शेवरी, गिरिपुष्प ही झाडं बांधावर लावा. सुबाभूळ चालेल, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको, त्यातल्या मायमोसिन या विषारी घटकाने केस गळतात. घटसर्प व फऱ्याची लस मे महिन्यातच सरकारी दवाखान्यातून टोचून घ्या.